राखीव दोन थैल्या

धुळ्यातल्या एका बियाण्यांच्या दुकानासाठी मी बिलांचा प्रोग्राम लिहिला, तेव्हा नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. कॉम्प्युटर चालवणारी मुलगी म्हणून शेठही मला 'मॅडम' म्हणायचे, आणि मला ते चढलं होतं.

काउंटर दोन, माल एकच. म्हणून मी अशी सोय केली, की गिऱ्हाइकाचं नाव आणि थैल्यांचा आकडा टाकला की तेवढ्या थैल्या त्याच्या नावावर राखीव व्हायच्या. मग त्या शिल्लक म्हणून दिसायच्याच नाहीत. बिल छापलं की राखीव नोंद पुसली जायची. बिल छापलंच नाही तर काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरलाच नव्हता.

पेरणीच्या दिवसांत एका सकाळी कपाशीच्या एका वाणासाठी रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. शिंदखेड्याकडचे एक आबा माझ्या काउंटरवर आले. अर्धं वावर याच बियाण्यानं पेरून झालेलं, उरलेल्या अर्ध्यासाठी दोन थैल्या हव्या होत्या. आणखी दोन दिवसांत ओल उडाली असती. मी नाव टाकलं, आकडा टाकला, आणि लाइट गेली.

वीस मिनिटांनी आली. तोवर रांगेचा बोजवारा उडाला होता. आबा धक्के खात पुन्हा माझ्यासमोर पोचेपर्यंत दुसऱ्या काउंटरनं भराभर माल विकला होता. पडद्यावर शिल्लक शून्य.

"संपल्या, आबा."

"नीट दखा ना, बाई. दोनच पायजेत."

माझं डोकं आधीच तापलेलं. "मशीन काय खोटं बोलतं का?" मी खेकसले. त्यांनी टोपी नीट केली आणि ते बाजूला झाले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

थोड्या वेळानं गोदामातला हमाल आत आला. "बाई, तठे दोन थैल्या उरेल शेतस. कोन्या?"

तिथे उरलेल्या दोन थैल्या कोणाच्या, असं तो विचारत होता. राखीव मालाची यादी उघडली. एकच नाव होतं, आबांचं. लाइट जाण्याआधी मीच टाकलेलं. मशीननं त्यांच्यासाठीच थैल्या धरून ठेवल्या होत्या आणि मी त्यांनाच नाही म्हटलं होतं.

थैल्या उचलल्या आणि रिक्षानं एसटी स्टँड गाठलं. शिंदखेड्याची गाडी फलाटावरून मागे निघाली होती. मी पत्र्यावर हात आपटत खिडकीमागून खिडकी शोधत धावले. ड्रायव्हर शिव्या देत थांबला. आबा मागच्या बाकावर होते. मी थैल्या खिडकीतून आत ढकलल्या.

"आबा, या तुमच्याच आहेत. तुमच्याच नावावर ठेवल्या होत्या."

त्यांनी थैल्या मांडीवर घेतल्या, पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. ते चिडलेले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"पन बाई," ते म्हणाले, "मी तर तठेच उभा व्हतू ना."