काही नाही, घरीच असते

आमच्या बायकांना एक उत्तर अगदी तोंडपाठ असतं. बँकेत विचारा, शाळेत विचारा, लग्नाच्या हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईने विचारू दे, "तुम्ही काय करता?" की आम्ही लगेच, "काही नाही, घरीच असते." वर एक ओशाळं हसू फुकट. लग्न झाल्यापासून मीही तेच सांगत आले होते. ह्या उत्तरापायी एकदा सासूबाईंच्या जिवावर बेतायची वेळ आली, म्हणून ही गोष्ट सांगते.

सासूबाई बारवी धरणाच्या बाजूच्या गावातल्या. जन्मभर भातशेती केली आणि पहाटे उठून भाजीच्या पाट्या उल्हासनगरच्या बाजारात नेऊन विकल्या. त्यांच्या लेखी काम म्हणजे उंबऱ्याबाहेरचं. घाम गाळून यायचं, ते काम. आमच्या बदलापूरच्या, मांजर्लीतल्या फ्लॅटवर कुणी पाहुणा आला आणि "सून कामाला जाते का?" म्हणाला, की त्या सहज सांगायच्या, "नाय गो, ती घरानच असते." त्यात खोच नव्हती हे मला कळायचं, तरी आत चहा उकळताना मीही उकळायचे.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, गिळता येईना म्हणून नाकातून नळी आली, आणि बाजारात अख्ख्या लाईनला ऐकू जाईल असं ओरडणाऱ्या बाईचं बोलणं चार-पाच शब्दांवर आलं. सुरुवातीला पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोची एक मावशी दिवसभर असायची. तिने मला सगळं शिकवलं. नळीतून पातळ खाणं कसं सोडायचं, कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय काय करायचं. लॉकडाऊन लागला तशी ती यायची बंद झाली आणि ते सगळं माझ्याकडे आलं.

दुसरी लाट आली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी फोनवर साफ सांगितलं, "ह्यांना कोविड झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही. ह्यांच्यापर्यंत येणाऱ्या माणसांना सांभाळा." ह्यांच्यापर्यंत येणारी माणसं म्हणजे कोण? मी! औषधं, डायपर, दूध आणायला खाली जाणारी मी, आणि वर येऊन त्यांच्या तोंडापाशी तोंड नेऊन नळी बघणारीही मीच. सासूबाईंना लस द्यावी तर त्यांना खाली न्यायचं कसं? आमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, आणि घरी येऊन लस द्यायला तेव्हा परवानगी नव्हती. म्हणजे त्यांना वाचवायचा एकच रस्ता होता, तो माझ्या दंडातून जात होता.

आणि मला लस मिळेना. नवरा पंचेचाळिशीच्या पुढचा, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत, त्याला कंपनीतच मिळाली. तो आईच्या खोलीत दारातून डोकावून "आई, बरी आहेस ना?" म्हणणारा माणूस, पण त्याचा नंबर आधी लागला. ब्युरोवाली मावशी एका नर्सिंग होममध्ये लागली होती, तिचेही दोन्ही डोस झाले. तिचा फोन आला तेव्हा मला तिच्यासाठी खरंच बरं वाटलं, आणि तितकाच रागही आला. हेच काम पगार घेऊन केलं तर तुम्ही आरोग्य कर्मचारी, आणि सून म्हणून केलं तर कुणीच नाही? माझी चाळिशी उलटली होती, पण लसीसाठी लागणारी पंचेचाळीस व्हायला वेळ होता. वय उसनं मिळालं असतं तर मी शेजारच्या आंटीकडून घेतलं असतं.

पुढे अठराच्या वरच्यांना लस सुरू झाली, तीही ऑनलाईन. कधी नंबर उघडायचे आणि कधी संपायचे, देवाला ठाऊक. ओटीपी नेमका तेव्हाच यायचा जेव्हा माझ्या एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात खाण्याची पिचकारी असायची. हातमोजा काढून फोन घेईपर्यंत स्क्रीनवर नंबर संपल्याची लाल अक्षरं. एकदा तर मी चिडून फोन गादीवर आपटला. सासूबाईंनी डोळे मोठे केले. मी म्हटलं, "तुमच्यावर नाही हो चिडले, आई. झोपा."

अशात आमच्या वॉर्डातल्या एका शाळेत शिबिर असल्याचा मेसेज आला. घरी अंथरुणाला खिळलेला पेशंट सांभाळणाऱ्यांना बुकिंगशिवाय लस, पेशंटची फाईल आणा. कुणाच्या डोक्यातून हे निघालं मला माहीत नाही, पण त्या डोक्याला माझा दंडवत. समोरच्या फ्लॅटमधली सिंधी आंटी साठीच्या पुढची, तिचे दोन्ही डोस झालेले. दोन मास्क लावून ती सासूबाईंच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली. "तू जा बेटा, मैं बैठी हूँ. कुछ हुआ तो फोन करूँगी," म्हणाली. पुढच्या फीडपर्यंत, म्हणजे नळीतून खाणं सोडायच्या वेळेपर्यंत, परत यायचं होतं. मी फाईल काखोटीला मारून निघाले.

शाळेच्या गेटवर अर्धं बदलापूर लोटलेलं. बुकिंगशिवाय एवढेच शब्द लोकांनी वाचले होते, पुढचं कोण वाचतो! मंडळाचा एक दादा गेटवर उभा राहून एकेकाला गाळत होता. त्याचा घसा बसला होता. माझी पाळी आली तसं त्याने विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?"

आणि मी म्हटलं, "काही नाही, घरीच असते."

अहो, वर हसलेसुद्धा!

"मग ताई, ऑनलाईन बुक करा. ही लाईन पेशंट बघणाऱ्यांची आहे," तो म्हणाला आणि माझ्या मागच्या माणसाकडे वळला. गर्दीने मला बाजूला सारलं. ऊन, मास्कमध्ये कोंडलेला श्वास आणि डोक्यात फीडची वेळ. मी मुकाट चालू लागले. मनात म्हणतेय, बघा, इथेही आपलं नशीब फुटकंच.

रिक्षात बसले तर रिक्षावाल्याने काखेतली फाईल आणि एक्सरेची पिशवी बघितली. "हॉस्पिटलला घेऊ का?"

"नाही हो, घरी. सासूबाई झोपून आहेत, त्यांची फाईल आहे."

"अरे बापरे. कोण बघतं त्यांना?"

"मीच. दुसरं कोण बघणार?"

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझे मलाच ऐकू आले. मग इतकी जोरात "थांबवा!" म्हणून ओरडले की त्या बिचाऱ्याने रस्त्याच्या मध्येच ब्रेक मारला. मला स्वतःचा असा राग आला की काय सांगू! महिनोन्महिने मी सरकारला, कंपनीला, नवऱ्याला शिव्या घालत होते की माझं काम कुणाला दिसत नाही. आणि ज्या दिवशी कुणीतरी सरळ विचारलं, त्या दिवशी मीच म्हटलं की मी काही करत नाही.

परत जाऊन लाईनीच्या शेवटी उभी राहिले. माझ्या पुढे एक सडपातळ बाई, तिच्याही हातात फाईल. गेटवर दादाने विचारलं, "काय करता?" ती हळूच म्हणाली, "काही नाही हो, घरीच..."

"खोटं बोलतेय ती!" मी मागून ओरडले. सगळी लाईन वळून बघायला लागली. "काही नाही म्हणे! मग हातात फाईल कुणाची आहे? विचारा तिला, घरी कोण झोपलंय?"

ती बाई घाबरली आणि मग रडकुंडीला येऊन म्हणाली, "नवरा. मणक्याचं ऑपरेशन झालंय." दादाने कपाळावर हात मारून घेतला आणि आम्हा दोघींना आत सोडलं.

आत वर्गात पंखा नुसता गरगरत होता. बाकांवर आम्ही सहा जण उरलो होतो. नर्स सिस्टर दमलेली, पण आवाज गोड. तिने आम्हाला मोजलं आणि मान हलवली. "आधीची बाटली संपली. नवीन उघडली की त्यात दहा जणांचे डोस असतात, आणि उघडल्यावर ती ठेवता येत नाही. सहा जणांसाठी उघडली तर बाकीची फुकट जाते. मला वरून ओरडा बसेल. तुम्ही पुढच्या शिबिराला या ना."

पुढचं शिबिर कधी, हे तिलाही माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे सासूबाईंची नळी आली, आणि त्यांच्यावर वाकलेली मी, खोकणारी. शेजारची सडपातळ बाई उठून पर्स गोळा करायला लागली होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं, अगं, आपण दोघीच शहाण्या थोड्याच असणार! सकाळपासून त्या गेटवरून "घरीच असते" म्हणून किती जणी परत गेल्या असतील?

"सिस्टर, थोडा वेळ थांबा. बाटली आत ठेवू नका," म्हणाले आणि पळाले.

गेटबाहेर शाळेच्या भिंतीच्या सावलीत बरीच माणसं रेंगाळत होती. कुणी नवऱ्याच्या स्कूटरची वाट बघतंय, कुणी अजून आशेवर. मी दादाला म्हटलं, "तुम्ही काय करता असं विचारू नका, दादा. त्याचं उत्तर आम्हाला येत नाही." मग सावलीतल्या माणसांकडे तोंड करून, सासूबाई बाजारात लावायच्या तसा आवाज लावला, "सकाळी कुणाला भरवून आलात? कुणाचं अंग पुसून आलात? कुणाची चादर बदलून आलात? त्यांनी आत या!"

मग एक उंच माणूस पुढे आला. त्याची नोकरी गेली होती. गेटवर त्याने "सध्या काहीच नाही" असं सांगितलं होतं आणि घरी लकवा झालेल्या आईचं सगळं तोच करत होता. बोलताना बिचारा खाली बघत होता. मग दोघी जावा आल्या, आलटून पालटून सासऱ्यांना बघणाऱ्या. एक बाई मात्र जागची हलेना. "मी कुठे काय करते हो? नुसतं दिराला आंघोळ घालते, जेवायला घालते, रात्री उठून बघते, एवढंच."

"एवढंच?" मी तिचा दंडच धरला. "चला आत, एवढंच करणारी बाई! तुमच्यावाचून आमची बाटली उघडत नाही."

सगळे हसले, तीही हसली. सिस्टरने परत मोजलं, दहा भरले. तिने बाटली उघडली तेव्हा त्या वर्गात टाळ्या वाजल्या. सुई टोचली तेव्हा मला काही दुखलं नाही. खरं सांगते, मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

घरी पोचले तर आंटी दारात पहारेकऱ्यासारखी बसलेली. फीडला थोडा उशीर झाला होता. आंघोळ करून, हात धुऊन सासूबाईंना पातळ खिमट सोडता सोडता मी सगळी हकीकत सांगितली. गेटवर मी काय बोलले, रिक्षावाला कसा दचकला, एवढंच करणारी बाई. त्यांना सगळं समजायचं, शब्द तेवढे यायचे नाहीत. "घरीच असते" ऐकून त्या अर्ध्या तोंडाने हसल्या. मग हसू थांबलं. डाव्या हाताने त्यांनी माझ्या दंडावरची ती टोचलेली जागा चाचपली.

ती लाट आमच्या बिल्डिंगमध्येही आली. आमच्या मजल्यावरही येऊन गेली. सासूबाईंच्या खोलीत मात्र आली नाही.

गणपती होऊन गेल्यावर अंथरुणावरच्या पेशंटना घरी येऊन लस देणं सुरू झालं. आमच्याकडे एक डॉक्टरीण आणि एक नर्स आल्या. मी हातमोजे घालून सासूबाईंचा दंड मोकळा करत होते. डॉक्टरीणबाईंनी पाठ बघितली, एकही जखम नव्हती. "छान ठेवलंय हो. ह्यांचं कोण करतं? बाई ठेवलीय का कामाला?"

"नाही, नाही," नवरा दारातून म्हणाला, "बायको आहे ना. ती घरीच असते."

तो वाईट मनाने नाही बोलला. मीही सवयीने हसणार होते. पण सासूबाईंचा डावा हात वर आला.

"नाय," त्या म्हणाल्या. त्यांचे ओठ कितीतरी वेळ नुसते हलले. मग एकेक शब्द ओढून काढत त्या म्हणाल्या, "ती... घरान नाय. कामाव हाय."

नर्सला काही कळलं नाही. "काय म्हणतायत आजी?"

नवऱ्याला आईची बोली कळते. त्याने एकदा आईकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "आई म्हणतेय, सून घरी नसते," तो सावकाश म्हणाला, "ती कामावर असते."

माझ्या हातात हातमोजे होते, म्हणून मी डोळे न पुसता तसेच वाहू दिले.