विनूच्या अंगठ्याचा ठसा

विनू गेल्याचं त्याच्या बहिणीनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "नक्की?" सकाळीच तर तो गॅलरीत दात घासताना दिसला होता... विनूच्या शेजारात जन्म काढला की माणूस कशावरच चटकन विश्वास ठेवत नाही.

तो परळच्या एका प्रयोगशाळेत माती तपासायचा. संशय हा त्याचा धंदा आणि स्वभावही. माझ्या घरचा चहासुद्धा आधी हुंगून मग प्यायचा. शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम निघालं, आमच्या गिरगावातल्या चाळीच्या मागच्या भिंतीला लागून वाळूचा भराव पडला आणि त्यावर लोखंडी सळ्यांची चळत चढली, तेव्हापासून तर त्याची झोपच उडाली. त्या भिंतीला माझ्या आईची कॉट होती.

यंदा विसर्जनानंतर रिवाजाप्रमाणे पाटावर चौपाटीची वाळू घेऊन आम्ही घरी आलो. आरती झाल्यावर विनूनं त्यातली थोडी मागून घेतली. बुडाला भोकं पाडलेल्या दोन पेल्यांपैकी एकात ती नुसती भरली, दुसऱ्यात अंगठ्यानं ठासून ठासून बसवली. दोन्हींत पाणी ओतलं. सैल वाळूतून ते भराभर गळलं, ठासलेलीतून जेमतेम काही थेंब.

"दाबलं की कणांमधल्या फटी बारीक होतात, पाणी सुटत नाही. वर सळ्यांचं वजन, म्हणजे तेच. आत आधीच पाणी भरलंय, पुढचा पाऊस मावणार कुठे? भिंतच ढकलणार ना!"

"किती संशय घेशील रे?"

"मग तू झोप ना तिथे. काकूंना कशाला झोपवतोस?"

मी हसण्यावारी नेलं. विनू वारल्यावर काही आठवड्यांनी साइटचा सुपरवायझर स्वतःहून आला आणि मला भरावापाशी घेऊन गेला. इतक्या गोड बोलणाऱ्या माणसाचा मला एरवी राग येत नाही, पण त्या दिवशी आला. "काका, एकदम सुकी आहे, बघा," म्हणत त्यानं भरावाची वरची मूठभर वाळू उचलून बोटांतून सोडली. खरंच कोरडी होती. मी सळ्यांखाली कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आलेला गोळा थंडगार होता, मूठ उघडली तरी फुटेना.

"थोडी ओल राहणारच ना, काका..."

घरी आलो आणि आईची कॉट ओढत समोरच्या खिडकीखाली नेली. भरावाबद्दल चाळीची सभा बोलावली आहे. तिथे काय होईल, देव जाणे. मला विनू हवा होता, हे मात्र खरं.

आईनं चष्मा ठेवायला खिडकीत जागा केली, पण आरतीच्या दिवसापासून तिथेच असलेले विनूचे पेले हलवले नाहीत. ठासलेल्या वाळूत त्याच्या अंगठ्याचा ठसा अजून आहे.