हरीभाऊंचं नाव फलकावर का नाही

हरीभाऊ तांडेल वाद घालायला लागले की आधी कपातल्या चहात बोट बुडवत. मग टेबलावर कबड्डीच्या मैदानाच्या ओल्या रेघा ओढत, एक मध्यरेषा, एक निदानरेषा, आणि तीस वर्षांपूर्वीची एखादी पकड आमच्यासमोर पुन्हा मांडत. रेघा वाळायच्या आत समोरच्याला मुद्दा पटला पाहिजे असा त्यांचा हट्ट. नाही पटला, तर दुसरा चहा मागवत.

नवापूरच्या आमच्या कबड्डी मंडळाने सभागृह बांधलं, तेव्हा दर्शनी भिंतीवर फलक लावायचं ठरलं. खेळ सोडून दहा वर्षं झालेल्या दोन खेळाडूंची नावं दरवर्षी त्यावर कोरायची. कोणाची, हे ठरवायला सात जणांची समिती. मी गावच्या शाळेत शिक्षिका. मुलींच्या संघातून चार वर्षं खेळलेली, म्हणून मला चिटणीस केलं. हरीभाऊ समितीत सगळ्यांत वडील. एकेकाळचे गावच्या संघाचे कप्तान, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले.

पहिल्याच वर्षी कोणीतरी एका प्रतिष्ठित माणसाचं नाव पुढे केलं. हरीभाऊंनी शांतपणे विचारलं, "हा खेळला कदी? हा तर आमचे कपडे सांभाळायला बसायचा. कपडे चांगले सांभाळले, त्याचा फलक वेगळा लावा." नाव तिथेच पडलं. त्याऐवजी त्यांनी नामदेवचं नाव लावून धरलं. नामदेव कोपऱ्यात उभा राहून फक्त पकडी करायचा. मासेमारीला गेला आणि परत आला नाही, त्यालाही खूप वर्षं झाली होती. "चढाईवाल्याला टाळ्या मिळतात," हरीभाऊ म्हणाले. "पाय धरून मातीत लोळणारा कोणाला आठवतो? आपण नाय आठवायचा तर कोणी?" तीन कप चहा लागले, पण नाव झालं. कोरलेलं नाव बघायला नामदेवची बायको बोंबील वाळत घालता घालता तशीच उठून आली. तिला वाचता येत नव्हतं. हरीभाऊंनी तिचा हात धरून अक्षरांवरून फिरवला.

त्यांचं स्वतःचं नाव दरवर्षी निघायचं. ते हसून उडवून लावायचे. "माजं नको. मी अजून आऊट झालेलो नाय."

आणि दरवर्षी निघायचं आणखी एक नाव, घिवलीचा असूनही आमच्याच संघातून खेळलेल्या काशिनाथचं. त्याच्यासारखा चढाईपटू या किनाऱ्यावर झाला नाही, हे सगळेच मान्य करत. पण जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात, गुण सारखे असताना, शेवटच्या चढाईत तो कोणीही हात न लावता स्वतःच्या पायाने रेषेबाहेर गेला होता. समोर कारखान्याचा संघ होता. "विकला गेलेला माणूस," असं म्हणून समिती पुढच्या नावाकडे वळायची. एरवी एकेका नावासाठी तासभर भांडणारे हरीभाऊ तेव्हा उठून खिडकीशी जात आणि पाठमोरे उभे राहत. मला वाटायचं, यांना त्या माणसाचा अजून राग आहे.

एकदा, घर बदलल्यापासून शाळेत न येणाऱ्या एका मुलीकडे मी बोईसरजवळ सरावलीला गेले होते. चाळीतल्या शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत खाटेवर एक उंच, हाडं निघालेला माणूस धापा टाकत बसला होता आणि हरीभाऊ जमिनीवर बसून त्याच्या पायाची नखं कापत होते. मला बघून दोघंही दचकले.

"बाई, हा काशी," हरीभाऊ म्हणाले. "गाडीत पोती चढवून चढवून छाती गेली त्याची. मी रविवारी येतो."

परतीला आम्ही एकाच रिक्षाने निघालो. बोईसर मागे पडल्यावर ते समोर बघतच बोलू लागले.

"तेव्हा मी कारखान्यात हंगामी होतो. बाची होडी फुटलेली, दोन बहिणी लग्नाच्या. सामन्याच्या आदल्या दिवशी साहेबाने बोलावलं. म्हणाला, कप्तान तूच ना? आमचा संघ जिंकला तर तू कायम. शेवटच्या चढाईला मी काशीच्या कानात सांगितलं, बाहेर जा. त्याने का म्हणून विचारलंच नाय. मी कप्तान ना."

"आणि नंतर?"

"नंतर लोक त्याच्या अंगावर धावले. तो माज्याकडे बघत होता. मी खाली बघितलं." मग ते म्हणाले, "मी कायम झालो. रोज कामावर जायचो, फाटक मागे बंद व्हायचं. संध्याकाळी सुटायचो, बाई, पण सुटलो असं कदी वाटलं नाय."

मी म्हटलं, "मग आता तरी सांगा."

"तो सांगू देत नाय. शपथ घातलीय. म्हणतो, तू बोललास तर मी इतकी वर्षं खाल्लेल्या शिव्या फुकट गेल्या. बोललो तर त्याचा गुन्हेगार, नाय बोललो तरी त्याचाच."

त्या दिवसापासून मीही अडकले. पुढच्या बैठकीत मी इतिवृत्तात "काशिनाथ: नामंजूर" असं लिहिलं आणि वही लगेच मिटली.

गेल्याच्या मागच्या वर्षी समितीने ठरवूनच टाकलं, या वेळी हरीभाऊंचं ऐकायचं नाही, त्यांचं नाव कोरायचंच. अध्यक्षांनी ठराव मांडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हरीभाऊ उभे राहिले. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"काशीला बाहेर जा म्हणून मी सांगितलेलं," ते म्हणाले.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग अध्यक्ष हसले. "हरीभाऊ, मन मोठं आहे तुमचं. पण मित्रासाठी एवढं ओढवून घेऊ नका."

हरीभाऊंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं आणि कोणी खरं मानेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ते खरं सांगताहेत." तेही पुरलं नाही. तेव्हा त्यांनी खिशातून घडी घालून घालून झिजलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या कायम नोकरीचं पत्र. तारीख अंतिम सामन्याच्या दुसऱ्याच दिवसाची. अध्यक्षांनी वाचलं, शेजाऱ्याला दिलं. कागद फिरत माझ्यापर्यंत आला तोवर खोलीत कोणी हसत नव्हतं. दारात हरीभाऊंचा मुलगा नितीन उभा होता. मंडळाच्या पोरांना तोच खेळ शिकवतो. तो वळून निघून गेला.

त्या वर्षी काशिनाथचं नाव कोरलं गेलं. नितीनने वडिलांशी बोलणं सोडलं. एकाच घरात दोघं वेगवेगळ्या वेळी जेवायचे. आणि ज्याच्यासाठी हे केलं तो काशिनाथ? रविवारी हरीभाऊ गेले तर त्याने भिंतीकडे तोंड केलं. "तुला मी राखला होता, हऱ्या. तू मला न विचारता शपथ मोडलीस." तरीही ते दर रविवारी जात राहिले. तो भिंतीकडे बघे, ते नखं कापत. आठ-नऊ महिन्यांनी एकदा त्याने विचारलं, "आज उशीर का केलास?" ते मला सांगताना हरीभाऊंना हुंदका आवरला नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते आजारी पडले. पालघरच्या इस्पितळात मी भेटायला गेले तेव्हा नितीन त्यांना चमच्याने पेज भरवत होता. दोघं बोलत नव्हते, पण चमचा चालू होता. तो भांडं धुवायला गेला तशी हरीभाऊंनी मला जवळ बोलावलं. "काशी माजं नाव देणार, मला ठाऊक हाय. तुमी हात वर करू नका. जो खेळ मी विकला, त्याच्या फलकावर मला नको." मी हो म्हटलं. चार दिवसांनी ते गेले.

काशिनाथचा अर्ज महिनाभरात आला. कोणाकडून तरी लिहून घेतलेला, खाली थरथरती सही. "हरेश्वर तांडेल यांचे नाव मी सुचवतो. अन्याय माझ्यावर झाला होता, तेव्हा माफ करण्याचा हक्कही माझाच आहे." बैठकीत मी तो मोठ्याने वाचला. त्या दिवशी वाद झालाच नाही. नियमाप्रमाणे सहापैकी चार हात लागत होते. तीन वर गेले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा हात मांडीवर दगडासारखा पडून होता. मी तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरावलीला गेले. काशिनाथला सगळं सांगितलं, वचनासकट.

"मरतानाही कप्तानकीच केली म्हणजे," तो म्हणाला. "आणि तुमी पण ऐकलंत."

"ऐकलं."

"चुकलात, बाई."

"असेन."

मी उठायला लागले, तर त्याने खाटेवर सरकून माझ्यासाठी जागा केली. "बसा," तो म्हणाला. "आज रविवार हाय."