भाकरीच्या पन्नीत बांधलेली हवा

पडदा वर जातो तेव्हा जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचं, आवार दिसतं. पांढरकवड्याहून मारेगावकडे जाणारा रस्ता, रस्त्याला लागून लोखंडी फाटक, आत दोन माणसांच्या उंचीची कापसाची गंजी. मार्चचं ऊन, त्यामुळे प्रकाशयोजनेचा खर्च नाही. मध्यभागी मांडव, त्यावर कापडी फलक : सुरक्षा सप्ताह. साहेब लोक खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. आणि विंगेत, म्हणजे ट्रॅक्टरच्या आडोशाला, चौऱ्याहत्तर वर्षांचा एक नट यमाच्या मिशा चिकटवतो आहे. तो मी. आयुष्यभर राजे केले, संत केले, तीन अंकी नाटकांतून रडवलं. आता जिनिंगमधल्या बायांना मास्क लावायला सांगणारा यम करतो. पण आजची नायिका पहिल्या रांगेत बसली आहे. मालकाने नुकतीच पांघरवलेली शाल तिच्या खांद्यावर आहे. तिचं नाव संगीता आडे.

कारखान्यातली धूळ, आवाज, उष्णता मोजायची आणि ती माणसाच्या अंगाला किती बाधते ते लिहून द्यायचं, हे संगीताचं काम. केळापूरच्या पलीकडच्या तांड्यातली ही मुलगी. बाप प्रेमसिंग जिनिंगवर कामाला. संध्याकाळी घरी आला की त्याच्या भुवया पांढऱ्या असत आणि बाप म्हातारा झाला म्हणून पोरं हसत. तेव्हा तो पस्तिशीचा होता. रविवारची सुटी संपवून सोमवारी कामावर गेला की त्याची छाती आवळायची, बुधवारपर्यंत सैल व्हायची. सुटीत फार आराम केला म्हणून अंग आळसावलं, असं तांड्यावर सगळे म्हणत, तोही म्हणे. एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला. कागदावर क्षय लिहिला. त्याच्या थुंकीत क्षय कधीच सापडला नव्हता.

पुढे संगीता नागपूरला सुरक्षेचा डिप्लोमा करायला गेली. तिथल्या पुस्तकात कापसाच्या धुळीच्या आजाराचं एक पान होतं. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची खूण. मला सांगताना तिचा आवाज चढला होता, "काकाजी, पुस्तकात माह्या बापाचा सोमवार छापेल होता! छापेल असून कोणाले माहीत नाई!"

आठ वर्षं तिने एका सिमेंट कारखान्यात यंत्रं हाताळली. मग परत आली आणि एका तपासणी संस्थेकडून जिल्ह्यातली जिनिंगं फिरू लागली. मालक तिला चहा पाजत आणि पाठ वळली की नाक मुरडत. आज वय एकेचाळीस.

आमचं भांडण तालमीत झालं; नाटकातली माहिती तपासायला ती आली होती. माझा यम रेड्यावरून उतरतो, मास्क न लावणाऱ्या बाईचा हात धरतो आणि म्हणतो, चल. संगीता उठून उभी राहिली.

"काकाजी, तुमचा यम बाईलेच काहून भेवाडते? धूळ बाईनं आणली का? धूळ मशीनजवळच खेचून घ्याले पंखा पाह्यजे, तो मालकानं लावाचा असते. मास्क सगळ्यात शेवटी. यमाले म्हना, पह्यले हापिसात जा."

"बाई, पैसे मालक देतो. त्याच्याच घरी यम कसा पाठवू?"

"मंग मिशा कायले लावता? शेपटी लावा."

मला राग आला. बोलणं खरं होतं, म्हणून जास्त आला. तरी संहिता मी बदलली नाही.

आता हंसाबाई. एकोणीस हंगाम याच जिनिंगमध्ये मशीनवर कापूस टाकणारी, संगीताच्याच तांड्यातली. संगीता तिला काकी म्हणते. हंसाबाईचाही सोमवार सुरू झाला होता. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आजार कामामुळे झाल्याचं लिहायला तयार होते. तसं लिहिलं असतं तर मालकाला पंखाही लावावा लागला असता आणि तिची जबाबदारीही घ्यावी लागली असती. पण मालक किसनराव यांनी एक कागद पुढे केला. जानेवारीत झालेल्या मोजणीचा. जिनिंगची हवा स्वच्छ. खाली सही, संगीता आडे. डॉक्टरांनी मग चुलीचा धूर असं लिहिलं. चूल फक्त सोमवारीच पेटते का, हे कोणी विचारलं नाही. किसनरावांनी त्या कागदावर प्लास्टिक चढवून तो भिंतीला लावला आणि हंसाबाईला सांगितलं, पुढच्या हंगामात येऊ नको, दमेकरी बाई आम्हाला नको.

त्या कागदाने संगीता दोन महिने आतून जळत होती. मोजणी अशी असते : कमरेला छोटा पंप, त्यातून खांद्यावरून गळ्यापर्यंत नळी, नळीच्या टोकाला पारदर्शक डबी, डबीत कागदाची चकती. पंप दिवसभर हवा ओढतो, धूळ चकतीवर बसते, चकतीचं वजन करायचं. जानेवारीत पंप हंसाबाईच्या कमरेला बांधला होता आणि तिची चकती पांढरीशुभ्र निघाली होती. संगीताने ती तीनदा तोलली. काटा खोटं बोलत नाही अशी तिची श्रद्धा, म्हणून तिने सही केली.

नाटक सुरू झालं. मधेच मला हुक्की आली. जुनी खोड, समोर प्रेक्षक दिसले की संहिता सुटते. मी संगीताकडून तो पंप मागितला, सतरंजीवरून हंसाबाईला उठवलं आणि तिच्या कमरेला बांधून गरजलो, "मानवा! त्या दिवशी हे यंत्र लेऊन तू काय केलंस, ते यमाला दाखव!"

हंसाबाई लाजली. मग तिने कमरेची पिशवी सोडली, भाकरी बांधून आणायची प्लास्टिकची पन्नी बाहेर काढली, फुंकून फुगवली, डबीवर चढवली, ढिली गाठ मारली आणि वरून पदर घेतला.

"अव बाई, हे काय?" मी विचारलं.

"संगीताबाईनं सांगतलं होतं ना, लय महागाचं हाय, जपजो म्हणून. कापसाची धूळ बसली असती त्याच्यावर. मी दिवसभर जपलं महाराज, एक कण लागू नाई देल्ला!"

मांडव हसून लोळला. इतका मोठा हशा मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. आज तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ती बाई स्वतःच्या छातीत धूळ घेत होती आणि यंत्राला भाकरीच्या पन्नीत जपत होती, आणि आम्ही हसत होतो. किसनराव तर डोळे पुसत होते.

एकटी संगीता हसली नाही. तिने शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि माझ्या हातातला माईक घेतला.

"भिंतीवरचा कागद खोटा हाय. म्या देल्ला. दर तासाले डबी पाह्याची असते. मी दुपारभर साहेबाच्या हापिसात चहा पेत बसली. चूक माही हाय. सजा काकी भोगून राह्यली."

किसनराव उठले. आवाज मऊ. "बाईसाहेब, झालं गेलं. कागद झाला ना आता? उगाच कायले उकरता? तांड्यातली पह्यली हापिसर तुम्ही, आपल्याच हातानं आपलं नाव खराब करता?"

"माह्या बापाचं नाव क्षय लिहून खराब केलं, तवा कोणी नाई थांबवलं. माह्या नावाचं काय घेऊन बसले, भाऊ!"

माईकची वायर कोणीतरी ओढली. पण तिचा आवाज उघड्यावरच्या नटासारखा शेवटच्या रांगेपर्यंत गेला होता.

त्याच दिवशी तिने आपला अहवाल रद्द करावा, फेरमोजणी व्हावी, असं पत्र सरकारी कार्यालयाला दिलं. कारण म्हणून स्वतःची चूक लिहिली. संस्थेने तिला काम देणं बंद केलं. वणीकडच्या दोन जिनिंगांची फाटकं तिच्यासाठी बंद झाली. तांड्यातलेच काही म्हणाले, शिकून अक्कल गेली. मी किसनरावांचं पाकीट परत केलं, पण त्यात शौर्य नव्हतं. माझी मिशी तशीही गळून पडली होती.

एप्रिलमध्ये हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात फेरमोजणीचा हुकूम आला. तीच बाई, तीच जागा, सरकारी माणूस हजर, संगीता स्वतः. पाण्याची कॅन घेऊन मी दाराशी उभा होतो. आत जमीन पाणी मारून ओली केलेली, बारापैकी पाच मशीनं बंद. "बिघडल्या," किसनराव म्हणाले. संगीता हंसाबाईच्या पायाशी जमिनीवर बसली. "दुरुस्त करा. मी बसून हावो." सरकारी माणसानेही पेन खिशात टाकलं. अर्ध्या तासात पाचही मशीनं सुरू झाली.

या वेळी चहा आला तो तसाच निवला. दर तासाला ती उठे, डबी पाही, वेळ लिही, पुन्हा बसे. दुपारपर्यंत चकती राखाडी झाली, मग चुलीच्या भिंतीसारखी काळपट. सरकारी माणूस वाकून बघून गेला. हंसाबाईने मान वाकवून डबी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला, जणू तिच्या हातून काही फुटलं. ती खोकली, ओशाळली, म्हणाली, "मळलं वो बाई," आणि सवयीने तिचा हात कमरेच्या पन्नीकडे गेला.

संगीताने तिचं मनगट धरलं. मशीनच्या आवाजात तिला ओरडूनच बोलावं लागलं.

"मळू दे, काकी! एकोणीस साल तुही छाती मळली, तवा कोणी पन्नी बांधली होती का?"