त्रिकोणाबाहेरचा बिंदू

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कुमुदिनी टिपणीस उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जाऊन बसल्या, तेव्हा अंबरनाथ पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीला महिनाभर दुसरा विषय नव्हता. सत्संगाला जायचं सोडून ही बाई गणित शिकायला निघाली! त्यांचे यजमान चिंतामणी केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी ‘वरातीमागून घोडं’ म्हणून घेतलं खरं, पण प्रवेशाचा फॉर्म त्यांनीच भरला आणि सकाळचा डबाही तेच करू लागले. वह्या घ्यायला गेल्यावर दुकानदाराने विचारलं, “आंटी, पोते के लिए?” कुमुदिनीबाईंनी ठसक्यात सांगितलं, “मेरे लिए.”

त्यामागे कारण होतं. तरुणपणी दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांची गिरणी बंद पडली आणि त्यांना शिक्षण सोडावं लागलं. अक्षर आणि हात सुरेख, म्हणून एका कारखान्याच्या ड्रॉईंग ऑफिसात ट्रेसरची नोकरी मिळाली. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि शाईने रेघ न् रेघ उतरवायची. चुकलंच तर ब्लेडने हलकेच खरवडायचं. ट्रेसरचा एक नियम असतो: मुळात चूक दिसली, तरी तीही तशीच उतरवायची. एकदा एका झाकणाला आठाऐवजी सात भोकं दिसली म्हणून त्या साहेबांना विचारायला गेल्या. साहेब म्हणाले, “बाई, विचार करायला आम्ही आहोत. तुम्ही उतरवा.” पुढे कॉम्प्युटर आला, पण त्यावरही दुसऱ्यांचीच चित्रं उतरवण्यात एकोणतीस वर्षं गेली. ते वाक्य मात्र त्यांच्या मनातून गेलं नाही. आपल्याला डोकं आहे की नुसताच हात, हे त्यांना एकदा पाहायचं होतं.

पहिली दोन वर्षं पाठांतराच्या जोरावर निभावली. तिसऱ्या वर्षी भूमितीचा पेपर आला आणि बाई खुशीत आल्या. रेघा, वर्तुळं, कंपास, म्हणजे माहेरचाच विषय! पहिल्या चाचणीत त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब एकाच बिंदूत मिळतात हे सिद्ध करायचं होतं. बाईंनी जुनी ड्रॉईंगची पेटी उघडली, अणकुचीदार पेन्सिलीने आकृती काढली आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘आकृतीवरून स्पष्ट दिसते.’ हातच्या कांकणाला आरसा कशाला?

त्या उत्तराला शून्य मिळालं, आणि बाकीच्या उत्तरांनाही जवळपास तेच. चाळीसपैकी एकूण नऊ गुण. विषय शिकवणाऱ्या हिमानी मॅडम खरवईला राहायच्या, वय जेमतेम बत्तीस. कुमुदिनीबाई पेपर घेऊन तरातरा त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक असेल तर दाखवा. मॅडमनी आकृती बराच वेळ पाहिली. इतकी सुंदर आकृती मी पाहिलेली नाही, असं म्हणाल्या. मग त्यांनी ती तळहाताखाली झाकली.

“कुमुदिनीताई, ही पुसून टाकली तरी तुमचं म्हणणं उभं राहायला हवं. राहतं का?”

राहत नव्हतं. मॅडमनी फेरपरीक्षेची एक संधी दिली. फेरपरीक्षा म्हणजे वर्गासमोर एक प्रश्न सोडवून दाखवायचा होता आणि तयारीला आठ दिवस होते. घरी येऊन त्यांनी चिंतामणींना सांगून टाकलं, “या वेळी जमलं नाही तर कॉलेज सोडते. साहेब म्हणत होते तेच खरं, असं समजेन.” चिंतामणींना एरवी चिडवायला निमित्त लागत नसे. त्या दिवशी त्यांनी नुसता चहा टाकला.

प्रश्न मोठा खट्याळ होता. मॅडमनी एक कागद दिला, त्यावर चक्क ‘प्रत्येक त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतात’ याची सिद्धता होती! निष्कर्ष धडधडीत खोटा, पण पायऱ्या चोख. त्रिकोणाच्या शेंड्याचा कोन दुभागायचा, पायाला मध्यावर लंब काढायचा. दोन्ही रेघा त्रिकोणाच्या आत एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूवरून डाव्या-उजव्या बाजूंवर लंब टाकायचे, म्हणजे प्रत्येक बाजूचे दोन तुकडे होतात. मग इकडचे दोन तुकडे तिकडच्या दोन तुकड्यांइतके निघतात. तुकड्यांची बेरीज केली की बाजू समान. यातली चूक शोधायची होती.

एकदा हात पोळलेल्या बाईंनी ड्रॉईंगची पेटी माळ्यावर टाकली होती. आता आकृतीवर विश्वास ठेवायचा नाही. कागदावरचीच वेडीवाकडी आकृती वहीत पुन्हा काढून त्यांनी पाच दिवस एकेक पायरी तपासली. प्रत्येक पायरी बरोबर. सहाव्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी ती वही रविनापुढे सरकवली. रविना ही त्यांच्या बाकावरची मुलगी, जांभूळकडच्या एका पाड्यावरून यायची. तिने आकृती पाहिली आणि नाक मुरडलं.

“काकू, ही तुम्ही काढली? ह्याच्यापेक्षा आमची आय भितीवर शेनानं बरी काढते. तुमचा हात असा नाय.”

बाईंना हसू आलं, आणि मग हसू थांबलं. पाच दिवस त्या काय करत होत्या? मुळातली आकृती तशीच्या तशी उतरवत होत्या, चुकीसकट. दुपारी घरी जाऊन त्यांनी चिंतामणींना माळ्यावर चढवलं, जेवणाच्या टेबलावर कागद ताणून चिकटवला आणि नीट मापाने त्रिकोण काढला. तो बिंदू आत आलाच नाही. पायाच्या खाली, त्रिकोणाबाहेर पडला! वय झालं, हात हलला, असं वाटून त्यांनी दुसरा त्रिकोण काढला, मग तिसरा, मग चौथा बुटका आणि पाचवा उंच. दर वेळी बिंदू बाहेर. एक लंब मोठ्या बाजूवर पडे, दुसरा लहान बाजूच्या टोकापलीकडे. म्हणजे एकीकडे तुकड्यांची बेरीज होती आणि दुसरीकडे वजाबाकी.

चोर सापडला होता. पण मॅडमचा तळहात त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. पाच त्रिकोणांत बाहेर पडला. सहाव्यात कशावरून पडेल? पुढचे दोन दिवस बाई भाजी निवडताना, रिक्षात, देवापुढे, सगळीकडे तोच त्रिकोण घेऊन हिंडत होत्या. आमटीत दोनदा मीठ पडलं. चिंतामणींनी मुकाट्याने खाल्ली.

नवव्या दिवशी त्या फळ्यापुढे उभ्या राहिल्या. आधी त्यांनी अचूक आकृती दाखवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी अपेक्षित प्रश्न विचारला: नेहमीच बाहेर कशावरून? बाईंनी फडकं घेतलं आणि आकृती स्वतःच पुसली.

मग त्या शब्दांत सांगू लागल्या. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांतून जाणारं वर्तुळ घ्या. पायाखालच्या कंसाचा मधला बिंदू पायाच्या दोन्ही टोकांपासून सारखाच लांब, म्हणून तो मध्यावरच्या लंबावर आहे. दोन्ही अर्धे कंस सारखे, म्हणून शेंड्याशी त्यांचे कोनही सारखे; म्हणजे तो दुभाजकावरही आहे. बाजू असमान असतील तर या दोन रेघा वेगळ्या, आणि वेगळ्या रेघा एकदाच भेटतात. तेव्हा आपला बिंदू तोच, आणि तो पायाच्या पलीकडे. एक लंब आत आणि एक बाहेर का? दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर असते, तर बाजू समान झाल्या असत्या.

हिमानी मॅडम उठून फळ्याजवळ आल्या. कोणता बिंदू कोणत्या दोघांच्या मधे आहे हे जुने ग्रीकसुद्धा आकृतीवरूनच ठरवत, त्याचे नियम लिहायला माणसाला दोन हजार वर्षं लागली, असं त्यांनी वर्गाला सांगितलं आणि चाळीसपैकी अडतीस गुण मांडले. सुटका झाली होती. पण बाई जागेवर जाईनात.

“मॅडम, वर्तुळाचा हा नियम समांतर रेषेच्या गृहीतकावर उभा आहे ना? परवा तुम्ही ती नवी भूमिती शिकवलीत, एका बिंदूतून अनेक समांतर रेषा जातात ती. तिथे हा बिंदू कुठे पडेल?”

मॅडमनी खडू उचलला, अर्धी रेघ ओढली आणि खडू परत ठेवला.

“मला माहीत नाही, ताई. तुम्ही शोधा आणि मला समजावून सांगा.”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या हाती कोरा कागद दिला होता. कुमुदिनीबाईंना भर वर्गात रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.