कलप आणि आईचा खांदा

कलपाचा वास आला की मला बारामतीचा तो दवाखाना आठवतो. पुतण्याच्या लग्नात तरुण दिसावं म्हणून मी कलप लावला आणि पेपर वाचत तासभर तसाच बसलो. सकाळी तोंड सुजून भोपळ्याएवढं. आईचा खांदा दोन महिने दुखत होता, म्हणून अंथुर्ण्याहून तिलाही बरोबर नेलं. डॉक्टरांनी माझं तोंड बॅटरी लावून न्याहाळलं, इंजेक्शन दिलं, मलम दिलं, वर कुठला कलप चांगला तेही सांगितलं. मग आई म्हणाली, "डाक्टर, हात वर जाईना. डोक्यावर पदर बी घेता येईना." तिच्या खांद्याला हातही न लावता त्यांनी गोळी लिहिली. "आजी, वयोमानानं होणारच." मी "जरा बघा तरी" म्हणेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. "चल बाबा, वय झालंय म्हणत्यात," म्हणत आई उठली. बाहेर तिचा घसरलेला पदर मीच डोक्यावर घातला. आजही राग येतो. डॉक्टरांचा जास्त की तसाच उठून आलेल्या माझा, ते ठरत नाही. घरी सगळं ऐकून बायको एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी कलप आत्याबाईंना लावून न्या. मग तरी कुणी बघंल त्यांच्याकडं."