मावशींना विचारून केलेली खाट

हाडांच्या वॉर्डात मावशींना बावीस वर्षं झाली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं, पुसायचं, चादर बदलायची, यातच उमेदीचा काळ गेला. तुम्हाला काय नडतं, असं त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं.

मग खाटा बनवणाऱ्या कंपनीची डिझायनर मुलगी आली. नुसती वही घेऊन बसली नाही. आठ दिवस मावशींच्या बरोबरीने राबली. एकदा स्वतःच खाटेवर आडवी झाली नि म्हणाली, माझे पाय हलत नाहीत असं समजा. मावशींनी तिला वळवलं, तशी खाट सरकली आणि मुलीने घाबरून त्यांचा दंड धरला. तेव्हा मावशींनी मन मोकळं केलं. ब्रेक पायथ्याशी काय कामाचा? पेशंटला सोडून तिथवर जायचं कसं? तो उशाशी हवा, दोन्ही बाजूंना, पायाने दाबता येईल असा. मुलीने सगळं टिपून घेतलं. घरी यजमान चेष्टेने मावशींना ‘इंजिनीअरबाई’ म्हणू लागले. वरवर त्या रागवायच्या, पण आतून सुखावायच्या.

सात महिन्यांनी नव्या खाटा आल्या. रंग सुरेख, ब्रेक मात्र एकच, तोही पायथ्याशी. माहितीपत्रकात मावशींचा फोटो होता, खाली ‘सेवा करणाऱ्या हातांना विचारून घडवलेली खाट’.

मावशींनी मुलीला फोन लावला. ब्रेकचं काय झालं, विचारलं.

“मावशी, मी यायच्या आधीच साचे तयार होते. मला मागाहून कळलं.”

“मग मला विचारलं कशाला?”

“विचारलं, एवढं दाखवायचं होतं त्यांना. मी भांडले हो.”

मावशींनाच तिची कीव आली. जेवलीस का, एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

महिन्याभरात एका आजोबांना पडल्यापडल्या उलटी झाली. श्वास अडकेल म्हणून मावशींनी त्यांना तडक कुशीवर घेतलं. पायथ्याशी जायला वेळ कुठला? खाट सरकली, आजोबा कलंडले, मावशींनी त्यांना अंगावर झेललं. आजोबा वाचले, मावशींची कंबर गेली. चौकशीच्या कागदावर कारण आलं, ‘ब्रेक न लावल्यामुळे’.

आता त्यांना चादरींच्या खोलीत बसवलंय. सिस्टर सांगून गेल्या, तक्रार लिहा, मी सही करते.

“माझं सांगून झालंय,” मावशी म्हणाल्या, आणि पुढची चादर ओढून घडी घालू लागल्या.